भीती टाळली की वाढते कशी, आणि घरच्यांनी काय करायचं

कुणाला कुत्र्याची भीती असते, कुणाला लिफ्टची, कुणाला चारचौघांत बोलायची, कुणाला इंजेक्शनची, आणि आपल्या घरांमध्ये त्यावर साधारण दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे "एवढा घोडा झालास आणि घाबरतोस काय", आणि दुसरा म्हणजे "जाऊ दे गं, नको जाऊस तिकडे, मी आहे ना". पहिल्याने माणूस दुखावतो हे सगळ्यांना कळतं. पण दुसरा जो आहे, प्रेमाचा, काळजीचा, त्याने भीती हळूहळू किती वाढते हे फार कमी घरांत माहीत असतं, आणि मला मुख्यतः त्याच्याबद्दलच लिहायचंय.

आधी भीती वाटते तेव्हा शरीरात काय होतं ते बघू. शेताच्या बांधावर पायाशी काहीतरी सळसळलं तर घोणस आहे का सुकलेली काटकी आहे हे कळायच्या आधीच आपण मागे उडी मारलेली असते, बरोबर? म्हणजे उडी मारायचा निर्णय विचार करून घेतलेलाच नसतो. मेंदूत दोन्ही बाजूंना, साधारण कानशिलांच्या आतल्या भागात, बदामाएवढा एक-एक भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात, आणि जोसेफ लडू नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांवर केलेल्या कामातून असं दिसलं की धोक्याची खबर तिथपर्यंत दोन वाटांनी पोचते. एक वाट जवळची, घाईची, अर्धवट माहितीची. दुसरी लांबची, नीट बघून-ओळखून येणारी. जवळच्या वाटेने खबर आली की लगेच ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, श्वास वाढतो, रक्त पायांच्या आणि हातांच्या मोठ्या स्नायूंकडे जातं, पोटाचं काम मंदावतं म्हणून पोटात गोळा येतो, तोंड कोरडं पडतं. हे सगळं पळायला किंवा लढायला तयारी म्हणून. वॉल्टर कॅनन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १९१५च्या सुमाराला हे मांडलं तेव्हापासून डॉक्टर लोक ह्याच भाषेत बोलतात.

म्हणजे धडधड होणं हा आजार नाही, तुम्ही कमकुवत आहात असाही त्याचा अर्थ नाही. उलट ही यंत्रणा नसेल तर काय होतं त्याचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेतली एक बाई, अभ्यासांमध्ये तिचं नाव लपवून फक्त एसएम म्हणतात, तिला उर्बाख-विथे नावाचा एक फार दुर्मिळ आजार होता आणि त्यात तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झाले. संशोधक तिला साप-कोळी विकणाऱ्या दुकानात घेऊन गेले तर ती साप हातात घेऊन कौतुकाने बघत बसली, आणि विषारी होते त्यांनाही हात लावू का असं परत परत विचारत राहिली, तिला आवरावं लागलं. तिच्या आयुष्यात चाकूच्या, बंदुकीच्या धमक्यांचे प्रसंग येऊन गेले कारण कुठे जाऊ नये हे तिला आतून जाणवतच नव्हतं. मला हे वाचल्यापासून "भीती नकोच" असं म्हणणाऱ्या भाषणांचा राग येतो. भीती हवीच, प्रश्न आहे तो जिथे धोका नाही किंवा अगदी थोडा आहे तिथे ती कायमची मुक्काम ठोकून बसते त्याचा.

ती बसते कशी हे समजून घ्यायला १९२० सालचा एक प्रयोग नेहमी सांगितला जातो, आणि तो आज कुणालाही करू देणार नाहीत इतका वाईट होता. जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर ह्यांनी बाल्टिमोरला एका अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवला, बाळ आधी त्याला मजेत हात लावत होतं, पण दर वेळी हात लावला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारून मोठा आवाज करायचे. काही वेळा असं झाल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडायला लागलं, आणि नुसता उंदीरच नाही, ससा, कुत्रा, केसाळ कोट बघूनही. त्या बाळाची भीती घालवायचा प्रयत्न न करताच त्याला तिथून नेलं गेलं, ह्याचं मला आजही वाईट वाटतं. तर ह्यातून दोन गोष्टी दिसतात, भीती शिकली जाते, आणि ती पसरते.

पण शिकलेली गोष्ट वापरात नसेल तर आपण विसरतो ना, मग भीती का नाही विसरत? इथेच टाळण्याचा भाग येतो.

माझी एक मावशी ठाण्याला सातव्या मजल्यावर राहते. काही वर्षांपूर्वी लाइट गेली आणि ती लिफ्टमध्ये तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे अडकली, अंधारात, एकटी, बराच वेळ. वॉचमनने दार उघडून काढली, तिला काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी लिफ्टसमोर उभी राहिली तर छातीत धडधड, हाताला घाम, मग ती म्हणाली आज जिन्याने जाते. आणि जिन्याकडे वळल्या वळल्या धडधड थांबली. आता बघा, लिफ्ट आज चालू होती, अडकणार नव्हती, पण तिच्या मेंदूने हिशोब काय केला, की मी वेळेवर वळले म्हणून वाचले. म्हणजे टाळलं, बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं हेच बक्षीस ठरलं, त्यामुळे उद्या टाळायची इच्छा आणखी जोरात. लिफ्ट सुरक्षित आहे हे शिकायची संधीच मेंदूला मिळाली नाही. नायटा खाजवण्यासारखं आहे हे, खाजवलं की त्या क्षणी खरंच बरं वाटतं आणि नायटा पसरतो.

मावशीचंही तेच झालं. आधी फक्त आपल्या बिल्डिंगची लिफ्ट, मग मॉलमधली, मग हॉस्पिटलमधली, मग गुडघे दुखायला लागले म्हणून खाली उतरणंच कमी, भिशी सुटली, संकष्टीला कोपऱ्यावरच्या गणपतीला जाणं सुटलं. आणि घरातले सगळे खरोखर चांगले लोक, तिच्यावर जीव टाकणारे. मुलगा म्हणाला भाजी मी आणतो. सून म्हणाली औषधं ॲपवरून मागवू. आम्ही भाचरं म्हणालो मावशी तू कशाला येतेस, आम्हीच येतो तुझ्याकडे. प्रत्येकाने एक-एक ओझं उचललं आणि सगळ्यांनी मिळून तिचं जग एका फ्लॅटएवढं केलं, आणि त्या वेळी तसं अजिबात वाटत नव्हतं, आपण काळजी घेतोय असंच वाटत होतं.

ह्याच्यावर अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ ह्या मानसशास्त्रज्ञाने फार महत्त्वाचं काम केलंय, मुलांच्या भीतीवर. मूल एकटं झोपत नाही म्हणून आई रोज शेजारी झोपते, मूल शाळेत बोलत नाही म्हणून बाबा टीचरला आधीच सांगून ठेवतात की ह्याला प्रश्न विचारू नका, अशा आईवडिलांना त्यांनी शिकवलं की हे हात हळूहळू कसे काढून घ्यायचे. मुलाशी थेरपिस्ट थेट बोललेच नाहीत, फक्त आईवडील. आणि २०२०मध्ये छापून आलेल्या त्यांच्या चाचणीत, ज्या मुलांना स्वतःला थेरपी मिळाली होती त्यांच्याइतकाच फरक ह्या मुलांमध्येही दिसला. म्हणजे घरच्यांचं वागणं बदललं तर भीती कमी होऊ शकते, इतकी ताकद आहे त्यात, आणि म्हणूनच मी सगळ्या घराने हे वाचावं म्हणते.

बदलायचं म्हणजे एकदम हात सोडायचा नाही हं. लेबोविट्झ ह्यांच्या उपचारात बोलायची पद्धत ठरलेली आहे आणि मला ती फार आवडते, एका वाक्यात दोन गोष्टी: तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तू हे सोसू शकशील असं मला वाटतं. नुसतं पहिलं म्हटलं तर आपण भीतीला दुजोरा देतो, नुसतं दुसरं म्हटलं तर समोरच्याला वाटतं ह्याला माझं काही कळलंच नाही. दोन्ही एकत्र लागतं. मग जी मदत आपण करत होतो त्यातली एक छोटी मदत, आधी सांगून, ठरवून, बंद करायची. चिडून नाही, अचानक नाही.

आता ज्याला भीती वाटतेय त्याने काय करायचं. ह्याचं मूळ १९२४मध्ये सापडतं, मेरी कव्हर जोन्स नावाची एक बाई, आणि जेमतेम तीन वर्षांचा पीटर नावाचा मुलगा, सशाला प्रचंड घाबरणारा. तिने काय केलं तर पीटर आवडीचं खात बसलेला असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवायचा, त्याला सहन होईल इतकाच, मग रोज थोडा जवळ, आणि अधूनमधून न घाबरणारी दुसरी मुलंही खोलीत असायची. काही काळाने ससा त्याची बोटं कुरतडतोय आणि पीटर बसलाय इथपर्यंत प्रगती झाली. पुढे जोसेफ वोल्पे ह्या दक्षिण आफ्रिकेतल्या मनोविकारतज्ज्ञाने १९५८मध्ये ह्याची नीट पायऱ्या-पायऱ्यांची पद्धत मांडली, आणि आज ज्याला एक्सपोजर म्हणतात ते त्यातूनच आलं.

मावशीने काउन्सेलरच्या मदतीने जी यादी केली ती साधारण अशी होती. पहिल्यांदा नुसतं लॉबीत खुर्ची टाकून बसायचं आणि लोक लिफ्टमध्ये जाताना-येताना बघायचे, मग वॉचमन दार धरून उभा असताना आत जाऊन उभं राहायचं आणि बाहेर यायचं, मग माझ्या आईबरोबर एक मजला, मग एकटीने एक मजला आणि आई वर जिन्यात उभी, मग सातव्यापर्यंत, मग संध्याकाळी गर्दीच्या वेळी, मग दुसऱ्या बिल्डिंगची लिफ्ट, शेवटी एकदा जुन्या जाळीच्या दाराची. एका पायरीवर ती परत परत जायची, मन लागलं नाही तरी, आणि पुढची पायरी कधी घ्यायची हे तिनेच ठरवायचं, आम्ही ढकलायचं नाही असा नियम होता.

आणि एक गोष्ट काउन्सेलरने लावून धरली जी मला आधी माहीत नव्हती. प्रत्येक वेळी आत जाण्याआधी वहीत लिहायचं की आज काय होईल असं वाटतंय. मावशीने लिहिलं होतं, अडकेल, हवा संपेल, मी बेशुद्ध पडेन. बाहेर आल्यावर खाली लिहायचं की खरंच काय झालं. कारण नुसतं धडधड कमी होईपर्यंत थांबणं पुरेसं नसतं, मेंदूला "मला वाटलं होतं ते झालं नाही" हा धक्का बसला पाहिजे, शिकणं त्या तफावतीतून होतं. ह्याच्यासोबत खरी माहितीही लागते. लिफ्ट हवाबंद डबा नसते, तिला हवा जायला जागा ठेवलेली असते, अडकलात तरी गुदमरत नाही. आणि हल्ली बऱ्याच सोसायट्यांमध्ये एआरडी बसवलेलं असतं, लाइट गेली की बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडतं. नसेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागणी करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, जिथे थोडा खरा धोका आहे तो कमी करणं हाही भीतीवरचा उपायच आहे.

ह्यात एक चोरवाट असते. माणूस लिफ्टमध्ये जातो पण मुठीत मोबाइल घट्ट, पर्समध्ये गोळी, पाण्याची बाटली, डोळे मिटून जप. जप वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये मी, माझीही श्रद्धा आहे, पण "गोळी जवळ होती म्हणून वाचले" असं मेंदू म्हणणार असेल तर श्रेय गोळीला जातं, लिफ्ट सुरक्षित आहे हे शिकलं जात नाही. म्हणून शेवटच्या पायऱ्यांवर ह्या गोष्टीही एक-एक करून घरी ठेवून जायचं.

पॅनिक अटॅकचं वेगळं सांगायला पाहिजे कारण त्यात भीती बाहेरच्या वस्तूची नसते, स्वतःच्या शरीराची असते. अचानक छाती धडधडते, माणूस घाबरून जोरजोरात श्वास घेतो, जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने चक्कर येते, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, मग वाटतं हार्ट अटॅक आला, त्या विचाराने आणखी ॲड्रेनलिन, आणखी धडधड. डेव्हिड क्लार्क ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६मध्ये हे चक्र मांडलं. रात्री कॅज्युअल्टीत धावपळ, ईसीजी नॉर्मल, डॉक्टर म्हणतात काही नाही, टेन्शन घेऊ नका, आणि माणूस घरी येतो तो "काही नाही कसं, मी मरत होतो" हे मनात घेऊन. पहिल्यांदा छातीत असं झालं तर तपासून घ्यायलाच पाहिजे, त्यात हयगय नको. पण हृदय चांगलं आहे हे एकदा नीट कळल्यावर रोज नाडी बघणं, महिन्याला ईसीजी काढणं हे पुन्हा टाळण्याचंच रूप होतं. अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि ओसरायला लागतो, तुम्ही काही केलं नाहीत तरी. उपचारात मुद्दाम जिने चढायला लावतात, खुर्चीत गोल फिरवतात, म्हणजे धडधड आणि चक्कर ह्या नुसत्या शरीराच्या जाणिवा आहेत, धोका नाही, हे कळतं.

एसएमचं इथे परत सांगते. २०१३मध्ये छापून आलेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली, तेवढ्याने श्वास कोंडल्यासारखं वाटतं, आणि जिला सापाची, चाकूची भीती वाटली नव्हती तिला पॅनिक अटॅक आला. म्हणजे श्वास कोंडल्याची भीती अमिग्डालाशिवायही उठते, शरीरात फार खोल कुठेतरी बसलेली आहे ती. तेव्हा पॅनिकवाल्या माणसाला "मनाचे खेळ आहेत" म्हणू नका, कृपा करून.

इंजेक्शन आणि रक्ताची भीती मात्र सगळ्यांहून उलटी वागते आणि तिथे चुकीचा सल्ला दिला तर माणूस पडतो. इतर भीतीत बीपी वाढतो, ह्यात आधी वाढून मग एकदम खाली येतो म्हणून डोळ्यापुढे अंधारी येते, लोक रक्त तपासायला गेल्यावर खुर्चीतून कोसळतात ते ह्याने. अशा माणसाला "रिलॅक्स हो, अंग सैल सोड" म्हणणं बरोबर उलटं आहे. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट ह्यांनी ह्यासाठी अंग आवळायची युक्ती शोधली, हात-पाय-पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर गरम वाटेपर्यंत, मग वीस-तीस सेकंद नेहमीसारखं बसायचं, परत आवळायचं, असं चार-पाच वेळा. त्याने बीपी वर राहतो. सुई टोचायची त्या हाताला मात्र सैल ठेवायचं. घरी आठवडाभर सराव करून मग लॅबमध्ये जा आणि तिथल्या माणसाला आधीच सांगा की मला चक्कर येते, झोपवून रक्त घ्या. डायबिटीसवाले, गरोदर बायका, ज्यांना वरचेवर तपासण्या लागतात, ह्या भीतीपायी तपासण्याच टाळतात, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या अर्ध्या तासात शांत करतात, आणि म्हणूनच त्यांची सवय लागते, शिवाय गोळी घेऊन केलेल्या सरावातून मेंदू नीट शिकत नाही. शेजारणीकडून मागून, जुन्या चिठ्ठीवर आणून घेऊ नका, आणि बरेच दिवस घेत असाल तर अचानक बंदही करू नका, फिट येऊ शकते, डॉक्टरच हळूहळू कमी करतात. रोज घ्यायची जी दुसऱ्या प्रकारची औषधं असतात, ज्यांचा परिणाम यायला काही आठवडे लागतात, ती अनेकांना खरंच उपयोगी पडतात आणि त्यांची अशी चटक लागत नाही.

आणि काही भीती बरोबर असतात. नवरा मारतो म्हणून त्याच्या पावलांच्या आवाजाने छातीत धस्स होत असेल तर तिथे पायऱ्या-पायऱ्यांनी सराव करायचा नसतो, तिथून बाहेर पडायची मदत शोधायची असते. अत्याचार, अपघात, असं काही मोठं घडून गेल्यावरची भीतीही एकट्याने यादी करून हाताळू नका, शिकलेल्या माणसाबरोबरच करा, आणि जगायचं नकोसं वाटायला लागलं असेल तर आधी त्यासाठी मदत घ्या, भीतीचं नंतर बघू.

बरं झाल्यावर भीती परत येते का? येते कधी कधी. मार्क बाउटन ह्यांच्या संशोधनातून दिसलं की जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवीन आठवण तयार होते, आणि नवीन आठवण जिथे शिकलो त्या जागेला जास्त चिकटलेली असते. म्हणून मावशी वेगवेगळ्या लिफ्टमध्ये गेली. मधे गावाला दोन महिने राहून आल्यावर पहिल्या दिवशी तिला परत धडधडलं, तिला वाटलं सगळं वाया गेलं, पण दोन-तीन फेऱ्यांत बसलं, दुसऱ्यांदा शिकायला वेळ कमी लागतो.

मदत कुठे मिळेल, तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. खाजगीत जाणार असाल तर काउन्सेलरला पहिल्याच फोनवर विचारा की तुम्ही एक्सपोजर करून घेता का, माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत, कुत्र्यापर्यंत, बाजारापर्यंत याल का किंवा ते करायला शिकवाल का, आणि घरच्यांना एखाद्या सेशनला बोलवता का. ह्याची उत्तरं नाही अशी आली तर दुसऱ्या कुणाला तरी फोन करा.